बक्षीसपत्रात अट लिहून घ्या

‘मुलं परदेशी गेली म्हणून वृद्धाश्रम भरले’ हा लेखाचा सूर अर्धाच पटला. आमच्या शेजारच्या काकूंचा मुलगा त्याच घरात राहतो. घर त्याच्या नावावर झालं आणि काही दिवसांत काकूंची कॉट हॉलमधून गॅलरीत आली. पावसाळ्यात प्लास्टिकचा कागद बांधून झोपतात.

लेखात २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचा नुसता उल्लेख आहे. त्यातलं कलम २३ खरं कामाचं. सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली असेल आणि सांभाळ झाला नाही, तर तो व्यवहार रद्द करून मागता येतो. पण अट बक्षीसपत्रात, म्हणजे मालमत्ता विनामोबदला देण्याच्या कागदावर, हवी, नाहीतर सिद्ध करताना नाकी नऊ येतात. आपल्याकडे ‘पोटच्या पोराला कसली अट?’ म्हणून तीच ओळ गाळतात! मुलांकडून पोटगी मिळावी म्हणून प्रांताकडच्या (उपविभागीय अधिकाऱ्याकडच्या) न्यायाधिकरणात अर्ज करता येतो. मात्र पोराविरुद्ध सही करायला आईचा हात उठत नाही, तिथे कायदा काय करणार?

संस्थांचं म्हणाल तर प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधारांची सोय होईल असा वृद्धाश्रम याच कायद्यात सुचवलाय. आणि केंद्राच्या वृद्धापकाळ पेन्शनमध्ये ६० ते ७९ वयाला केंद्राचा वाटा महिन्याला २०० रुपये, तोही फक्त दारिद्र्यरेषेखालच्यांना. बीपीच्या गोळ्यांची एक पट्टी घेतली की संपले. राज्य वर भर घालतं हे खरं, पण त्यासाठी उत्पन्नाचा दाखला काढायला तहसीलच्या पायऱ्या चढायच्या त्या म्हातारीनेच.