तांब्याचं पाणी आजीला द्या, बेडकाला नको

परवा बहिणीने एक मेसेज पाठवला. 'पावसाळ्यात मुलांना निसर्ग दाखवा, घरीच बेडूक वाढवा', आणि खाली पाण्याची पाच पथ्यं: पाणी तांब्याच्या भांड्यात ठेवा, आरओचंच घ्या, चिमूटभर मीठ टाकून तुरटी फिरवा, नळाचं पाणी असेल तर रात्रभर ठेवून वापरा, रोज सगळं पाणी बदला. शेवटी हात जोडलेले. मी उत्तर लिहीपर्यंत भाच्याने डबक्यातून आणलेले सहा टॅडपोल, म्हणजे बेडकाची शेपटीवाली पिल्लं, आजीच्या तांब्याच्या घंगाळात सोडलेही होते. सकाळी त्यातले चार तळाशी निपचित.

म्हणून आधी तांबं. तांब्याच्या भांड्यात जंतू मरतात हे खोटं नाही. बंगळुरूच्या संशोधकांनी २०१२ मध्ये ते मोजून दाखवलंय: जुलाबाचे जिवाणू मिसळलेलं पाणी १६ तास तांब्याच्या भांड्यात ठेवलं, जिवाणू उरले नाहीत आणि पाण्यात तांबं उतरलं लिटरला साधारण १७७ मायक्रोग्रॅम. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा २००० आहे, तेव्हा आजीने खुशाल प्यावं. पण अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने गोड्या पाण्यातल्या जिवांसाठी अनेक वर्षं वापरलेली मर्यादा, तीही बऱ्यापैकी जड, म्हणजे क्षार जास्त असलेल्या पाण्यात, फक्त १३ च्या आसपास आहे. पाणी मऊ असेल तर आणखी कमी. म्हणजे रात्रभरात तेरापटीहून जास्त! आपण तांब्याचं पाणी पितो, टॅडपोल त्यातच श्वास घेतो. तांबं कल्ल्यांतून क्षार आत घेण्याचं कामच बिघडवतं. 'पूर्वी विहिरीत तांब्याची नाणी टाकायचे' हे ऐकवू नका. विहिरीत पाणी किती आणि घंगाळात किती!

नळाच्या पाण्याबाबत मात्र मेसेज अर्धा खरा आहे, मान्य करावं लागतं. आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात नळाला येणाऱ्या पाण्यात उरलेलं क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम असावं असं आहे. माणसासाठी ते योग्यच, पण त्याच अमेरिकी संस्थेच्या यादीत जलचरांसाठी अल्पकाळाची मर्यादा ०.०१९ आहे, म्हणजे दहापट कमी. ब्लीचिंग पावडरचं क्लोरीन उघड्या, पसरट टबात दिवसभर ठेवलं, मध्येमध्ये ढवळलं की उडून जातं. झाकण लावलेल्या बाटलीत नाही. आणि पाण्यात क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) असेल तर नुसतं ठेवून ते जात नाही, मग मत्स्यालयाच्या दुकानातले अँटीक्लोरचे थेंब लागतात.

आरओ? त्यातले क्षार काढूनच टाकलेले असतात आणि वाढत्या पिल्लाला ते हवे असतात. चिमूटभर मीठ बादलीभर पाण्यात काहीच करणार नाही, बरंही नाही, वाईटही नाही. तुरटीने गढूळपणा खाली बसतो, पण टॅडपोलला नितळ पाणी हवंय कुणी सांगितलं? भांड्याच्या कडेला धरणारं हिरवं शेवाळ तर त्याचं जेवण.

रोज सगळं पाणी बदलणं म्हणजे रोज नव्या घरात ढकलणं. विष्ठेतून आणि कुजलेल्या पालकाच्या पानांतून अमोनिया तयार होतो, म्हणून पाणी बदलायचं हे खरं. पण दोन-तीन दिवसांनी चतुर्थांश बदला, नवं पाणी जुन्याइतक्याच तापमानाचं घ्या, आणि उरलेलं अन्न त्याच दिवशी काढा. सुरुवातीला थोडं मूळ डबक्याचंच पाणी मिसळलं तर आणखी बरं, फक्त शेतात फवारणी झालेली असेल तर ते नको.

या पाच पथ्यांत एक गोष्ट कुणाला सुचलीच नाही: पुढचे पाय फुटले की पिल्लाला पाण्याबाहेर यायला उतरता दगड लागतो, नाहीतर ते बुडतं.

उरलेले दोघे आता प्लास्टिकच्या पसरट टबात आहेत. घंगाळ चिंच लावून घासून आजीकडे परत गेलंय. एकाला कालच मागचे पाय दिसले, भाच्याने फोटो पाठवला. त्यात दगड दिसत नव्हता, म्हणून मी लगेच फोन केला.