मुक्काम पोस्ट टोर्नेडो

टोर्नेडोचा, म्हणजे ढगातून जमिनीपर्यंत उतरणाऱ्या वाऱ्याच्या भोवऱ्याचा, अभ्यास करणाऱ्यांचा जीव मे महिन्यात, ऐन हंगामात, धोक्यात असतो, असा सर्वसाधारण समज आहे. अमेरिकेच्या ओक्लाहोमा राज्यातल्या नॉर्मन येथे अशा एका मोहिमेच्या नियोजनाचे काम अंगावर पडल्यापासून माझे मत असे झाले आहे, की खरा धोका जानेवारीत, लेखा विभागाच्या टेबलासमोर असतो. मे महिन्याच्या कोणत्या तारखेला, कोणत्या गावात, किती खोल्या लागतील, हे तिथल्या बाईंना चार महिने आधी लेखी हवे असते. टेक्सासपासून दक्षिण डाकोटापर्यंत कुठेही, असे मी नम्रपणे सांगतो. "कुठेही म्हणजे कोणत्या काउंटीत?" (काउंटी म्हणजे तिथला जिल्हा) असे त्या माझ्याहून नम्रपणे विचारतात.

मग मी शास्त्र सांगू लागतो. टोर्नेडो व्हायचा तर मेक्सिकोच्या आखातावरून दमट हवा यावी लागते, पश्चिमेच्या पठारावरून कोरडी हवा यावी लागते, उंचीनुसार वाऱ्याचा वेग आणि दिशा बदलावी लागते, आणि या सगळ्यावर उबदार हवेच्या थराचे जे झाकण बसलेले असते ते नेमके दुपारनंतर उघडावे लागते. घट्ट बसले तर दिवसभर लख्ख ऊन, आणि वेळेआधी उघडले तर जिकडेतिकडे ढग उसळून एकमेकांचाच दम काढतात. एवढे जमून आलेल्या सुपरसेल, म्हणजे आतून गोल फिरणाऱ्या प्रचंड गडगडाटी, वादळांपैकीही बहुतेकांतून टोर्नेडो निघत नाही. बाई शांतपणे ऐकून घेतात. झाकणासाठी अंदाजपत्रकात रकाना नसतो.

शेवटी मी व्हॉर्टेक्स-२ या गाजलेल्या मोहिमेचा दाखला दिला. शंभरावर माणसे, चाळीसेक वाहने, ट्रकवर चढवलेली, वादळातल्या वाऱ्याचा वेग टिपणारी डॉप्लर रडारे आणि ठरलेला तळ नाही. वादळ नेईल तिथे मुक्काम. २००९ साली १० मे ते १३ जून एवढा काळ हा तांडा मैदानी राज्यांतून फिरला, आणि ५ जूनला वायोमिंगमधल्या गोशेन काउंटीत त्यांना एका टोर्नेडोची जन्माआधीपासून अंतापर्यंत नोंद घेता आली. विज्ञानाच्या दृष्टीने ती अपूर्व कमाई होती. बाईंनी मात्र तारखा टिपून घेतल्या आणि विचारले, "मग ते थेट ५ जूनलाच का गेले नाहीत?"

विम्याच्या कचेरीत याच्या उलट झाले. गाड्या गारांपासून दूर ठेवणार ना, एवढाच त्यांचा साधा प्रश्न होता. गारा पडत असतील तिथे जाऊन त्यांचा आकार मोजणे हे आमच्या एका गाडीचे नेमून दिलेले काम आहे, हे ऐकल्यावर समोरच्या गृहस्थांनी पेनाला टोपण लावले.

आता प्रश्न उरला आहे तो मोटेलांचा. खोली रद्द करण्याची मुदत बहुधा दुपारी चारला संपते, आणि ढग उसळायला लागतात तेही साधारण त्याच सुमारास. वादळाचे ठिकाण रोज तीनपर्यंत नक्की करावे, अशी सूचना लेखा विभागाकडून आली आहे. ती मी बैठकीत जशीच्या तशी वाचून दाखवली. आमच्या अंदाज वर्तवणाऱ्या सहकाऱ्याने तेव्हापासून माझ्याशी बोलणे टाकले आहे.