कुठलं ए३२० घेऊ?

घरच्या कॉम्प्युटरवर विमान उडवायच्या सिम्युलेटरसाठी एअरबस ए३२० चं कुठलं मॉडेल घ्यावं, असं विचारताय? शाबास. पुढचे दोन-तीन महिने विमान उडवायची कटकट मिटली.

आधी फुकटचं बाद करा. फ्लायबायवायर या गटाच्या ए३२० निओला (नव्या इंजिनांच्या ए३२० ला) एक पैसा पडत नाही, एमसीडीयूत, म्हणजे कॉकपिटमधल्या बटणांच्या छोट्या कॉम्प्युटरमध्ये, अख्खा फ्लाइट प्लॅन भरता येतो, सिमब्रीफ या वेबसाइटवर केलेला प्लॅन कॉकपिटमधल्या टॅबलेटमध्ये एका बटणावर उतरतो. एवढं देऊन कोणी पैसे मागत नाही, म्हणजे पाणी कुठेतरी मुरतंय. मग फेनिक्स या कंपनीकडे वळा. २०२२ मध्ये आलेलं हे ए३२० पैसे मोजून घ्यावं लागतं आणि त्यात सर्किट ब्रेकरसुद्धा ओढता येतात. घरातला फ्यूज गेला की आपण वायरमनची वाट बघत अंधारात बसतो, ते वेगळं.

आता इंजिनं. फ्लायबायवायरला नवी लीप, फेनिक्सला जुनी सीएफएम५६ किंवा आयएई व्ही२५००. इंडिगोच्या कितीतरी निओंना प्रॅट अँड व्हिटनीची इंजिनं आहेत, ती यात कुठेच नाहीत. तेव्हा निळी लिव्हरी, म्हणजे विमानाची रंगसंगती, चढवण्याआधी त्या नोंदणी क्रमांकाच्या खऱ्या विमानाला कुठलं इंजिन आहे, ते फोटो मोठा करकरून तपासा. लिव्हरी शक्यतो ८के टेक्श्चरची, म्हणजे अतिबारीक चित्राची, घ्या. ग्राफिक्स कार्ड ८ जीबीचं असेल तर त्याची मेमरी (व्हीरॅम) तुडुंब भरते आणि विमान टॅक्सीवेवर घाटातल्या एसटीसारखं आचके देत चालतं. पण दारावरची अक्षरं काय सुबक दिसतात!

फ्रेम पडल्या, म्हणजे चित्र अडखळायला लागलं, की दोष विमानाला द्यायचा. सिम्युलेटरच्या डेव्हलपर मोडमधला एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम) काउंटर 'लिमिटेड बाय मेनथ्रेड' असं ओरडून सांगत असतो, म्हणजे घोडं प्रोसेसरपाशी अडलंय. टेरेन एलओडी (जमिनीच्या चित्राचा बारकावा) २०० वरून १०० वर आणलं, विमानतळावरची एआय वाहतूक निम्मी केली, की बरंचसं निभावतं. ते करू नका. एक विमान मुंबईच्या गेटवर भर गर्दीत तपासा, दुसरं ३५,००० फुटांवर अरबी समुद्राच्या वर. निकाल तुम्हाला हवा तोच येईल.

आणि थ्रॉटल, म्हणजे इंजिनांचा जोर कमीजास्त करणारी लिव्हर, कॅलिब्रेट करण्याच्या फंदात तर पडूच नका. एअरबसचं थ्रॉटल म्हणजे खाचांचा मामला: आयडल (किमान जोर), सीएल (चढाई), फ्लेक्स (कमी जोराचं टेकऑफ), टोगा (पूर्ण जोर). टेबलावरच्या लिव्हरचा कुठला आकडा म्हणजे कुठली खाच, हे फ्लायपॅडच्या (फ्लायबायवायरच्या त्याच टॅबलेटच्या) सेटिंगमध्ये एकेक करून पकडायचं असतं. प्रत्येक खाचेच्या अलीकडे-पलीकडे थोडी मोकळीक सोडायची, कारण स्वस्त जॉयस्टिकचा आकडा जागच्या जागी थरथरत असतो. दहा मिनिटांचं काम. ते टाळलंत की मजा येते. टेकऑफला लिव्हर फ्लेक्सवर गेली असं तुम्हाला वाटतं, विमानाला वाटत नाही, आणि ऑटोथ्रस्ट, म्हणजे इंजिनांचा जोर आपोआप सांभाळणारी यंत्रणा, आर्मच (सज्जच) होत नाही. किंवा धावपट्टीपासून साधारण १,५०० फूट वर गेल्यावर समोर 'एलव्हीआर सीएलबी' (लिव्हर सीएलवर आणा) लुकलुकायला लागतं. तुम्ही लिव्हर मागे आणता, ती सीएलच्या खाचेच्या केसभर खाली बसते, आणि अक्षरं लुकलुकतच राहतात. अशा वेळी 'ऑटोथ्रस्टमध्ये बग आहे' असा एक तारा द्यायचा रिव्ह्यू लिहून मोकळं व्हावं.

नॅव्हिगेशनचा डेटा दर २८ दिवसांनी बदलतो, वर्षाला १३ आवृत्त्या, म्हणजे एअरॅक सायकली. सिमब्रीफच्या फुकट खात्यात जुनी सायकल आणि विमानात नवी अशी जोडी जमली, की वाटेतला एखादा पॉइंट सापडत नाही आणि एमसीडीयूवर 'एफ-पीएलएन डिसकंटिन्युटी' (मार्गातला तुटलेला दुवा) उमटते. सीएलआर (क्लिअर) बटण दाबून ती काढता येते, पण राहू द्या. तिथे पोचल्यावर आखलेल्या मार्गावर नेणारा नॅव्ह मोड सुटतो आणि विमान आहे त्या हेडिंगवर (दिशेला), चांगल्या घरच्या मुलासारखं नाकासमोर चालत राहतं. 'मॅन्युअल' लेगनंतरची (टप्प्यानंतरची) डिसकंटिन्युटी मात्र आवर्जून खोडा. रडार व्हेक्टरसाठी, म्हणजे कंट्रोलर सांगेल त्या दिशेने जाण्यासाठी, मुद्दाम ठेवलेली असते ती.

एवढी खबरदारी घेऊनही एखाद्या रात्री विमान मुंबईच्या २७ नंबरच्या धावपट्टीवर उतरायला लागलंच आणि २० फुटांवर 'रिटार्ड, रिटार्ड' ऐकू आलं, तर मनाला लावून घेऊ नका. लिव्हर आयडलला ओढायची ती आठवण आहे, तुमच्याविषयीचं मत नव्हे. गेटवर लावा, दोन्ही इंजिन मास्टर स्विच बंद करा, आणि बॅगा उतरायच्या आत पीएमडीजी या कंपनीच्या बोइंग ७३७ ची किंमत बघायला घ्या. त्यात ऑटोथ्रॉटल लावलं की कॉकपिटमधल्या लिव्हर आपोआप पुढेमागे होतात; तुमच्या टेबलावरची ढिम्म हलत नाही. या एका मुद्द्यावर बोइंग की एअरबस ही तुलना सहज दिवाळीपर्यंत ताणता येईल.