बोगोटाला एक रविवार द्यायला हवा होता

पाठीवर सॅक घेऊन फिरणाऱ्या एका जोडप्याचं प्रवासवर्णन वाचलं. त्यांनी कोलंबियाची राजधानी असलेलं बोगोटा दीड दिवसात उरकलं आणि 'थंडी, पाऊस, ट्रॅफिक' एवढंच सांगितलं, हे वाचून खरंच वाईट वाटलं. आम्ही दोघं तिथे पाच दिवस होतो. शहर २६०० मीटरवर, म्हणजे कळसूबाईच्याही जवळजवळ हजार मीटर वर. ला कँडेलारिया या जुन्या वस्तीच्या चढावर पहिल्या दिवशी दम लागतोच, त्यामुळे तो दिवस हिशेबात धरूच नये.

पण रविवार! सकाळी ७ ते दुपारी २ शंभराहून जास्त किलोमीटर रस्ते गाड्यांना बंद. 'सिक्लोव्हिया' म्हणतात, १९७४ पासून चालू आहे. नातवंडांचा हात धरून चाललेल्या आज्या, स्केटिंग करणारी पोरं, सायकलींची रांगच रांग. हिने कितीतरी वर्षांनी सायकल चालवली, तीही भर हमरस्त्यावर! दुपारी सुवर्ण संग्रहालयात गेलो. मुइस्का या तिथल्या मूळ रहिवाशांनी घडवलेला तो सोन्याचा तराफा जेमतेम वीतभर आहे, पण त्यावरची इवलीशी माणसं बघत आम्ही अर्धा तास उभे होतो. एल डोराडोच्या, म्हणजे अंगाला सोनं फासणाऱ्या राजाच्या दंतकथेशी त्याचं नातं सांगतात. संध्याकाळी पाऊस आलाच, तेव्हा तीन जातींच्या बटाट्यांचं गरम आहियाको सूप प्यायलो. (त्यात चिकन असतं, शाकाहारींनी आधी विचारावं.)