समुद्र तापलेला असतानाही लहर का विरते? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. हरिकेन (अटलांटिकमधली तीव्र चक्रीवादळं) हंगामाच्या सुरुवातीच्या लहरींवरील, म्हणजे आफ्रिकेकडून अटलांटिकवर सरकणाऱ्या आणि कधीकधी वादळाचं बीज ठरणाऱ्या कमी दाबाच्या पट्ट्यांवरील, माझ्या लेखाबाबत तुमचा आक्षेप थोडक्यात असा: ‘2024 साली बेरिल हे हरिकेन 2 जुलैलाच पाचव्या, म्हणजे सर्वात वरच्या श्रेणीत गेलं. म्हणजे समुद्र तापला की विंड शिअरचं (वरच्या-खालच्या वाऱ्यांतल्या फरकाचं) काही चालत नाही. तुम्ही त्याचा उगाच बाऊ केलात.’ नोंद अचूक आहे. अटलांटिकमध्ये इतक्या लवकर पाचवी श्रेणी त्याआधी कुठल्याच वादळाने गाठली नव्हती. निष्कर्ष मात्र पटत नाही.

जून 2023 आठवा. तेव्हाही उष्णकटिबंधीय अटलांटिक विक्रमी तापलेला होता. आफ्रिकेकडून आलेल्या दोन लहरींतून ब्रेट आणि सिंडी ही वादळं तयार झाली आणि दोन्ही हरिकेन होण्याआधीच विरली. पाणी गरमच होतं, पण वरचे पश्चिमी वारे आडवे आले. बेरिल जोर धरत होतं तेव्हा त्याच्यावरचं शिअर कमी होतं.

तुम्ही शिअर म्हणजे सोसाट्याचा वारा असं धरलेलं दिसतं. तसं नाही. साधारण दीड किलोमीटर उंचीवरचा (जिथे हवेचा दाब 850 हेक्टोपास्कल असतो) आणि बारा किलोमीटरवरचा (200 हेक्टोपास्कल) वारा यांच्यातला फरक म्हणजे शिअर, आणि त्यात दिशाही मोजायची. खाली पूर्वेकडून 20 नॉट (1 नॉट म्हणजे ताशी सुमारे 1.85 किलोमीटर) आणि वरही पूर्वेकडून 15 नॉट असेल, तर शिअर फक्त 5. तोच वरचा वारा पश्चिमेकडून आला की 35! जूनमध्ये वरचे पश्चिमी वारे अजून पुरेसे उत्तरेला सरकलेले नसतात, आणि जुलैच्या सुमारास कॅरिबियनमधले खालचे पूर्वेचे वारे सर्वात जोरात असतात. म्हणून हा तिढा नेमका तेव्हाच पडतो.

लहरीचं नुकसान होतं ते असं. वाफेचं पाणी होताना सुटणारी उष्णता केंद्राच्या डोक्यावर साचली तरच खालचा दाब उतरतो. शिअरमुळे मेघगर्जनेचे ढग पूर्वेला ढकलले जातात, भोवरा तिरका होतो आणि मधल्या थरातली कोरडी हवा आत शिरते. तिच्यात पाऊस बाष्प होऊन हवा थंड होते, खाली कोसळते आणि ढगांचं इंधनच तोडते. पक्क्या, उभ्या गाभ्याचं वादळ हे काही काळ सोसतं. बेरिलही पुढे शिअर वाढल्यावर उतरलं, तरी जमैकाजवळून गेलं ते चौथ्या श्रेणीतच. लहरीपाशी असा गाभाच नसतो.

एक चूक मात्र माझी. ‘20 नॉटच्या वर लहर जगत नाही’ असं मी सरसकट लिहिलं होतं. हवा दमट असेल तर ती तग धरते. उलट सहाराची कोरडी हवा शेजारी असेल तर 15 नॉटही पुरतात. शिवाय हा आकडा दोनच थरांचा असल्याने मधल्या थरातलं शिअर त्यात लपतं. लेखात दुरुस्ती केली आहे.

आपल्या अरबी समुद्रातही हेच गणित आहे, फक्त दिशा उलट्या. जुलै-ऑगस्टमध्ये खाली मोसमी पश्चिमी वारे, वर पूर्वेकडचा झोत, म्हणून पाणी उबदार असूनही त्या दोन महिन्यांत चक्रीवादळं क्वचितच होतात. अलिबागजवळ धडकलेलं निसर्ग चक्रीवादळ 3 जून 2020 चं, मोसमी वाऱ्यांचा हा पट्टा पूर्ण बसण्याआधीचं.

अटलांटिकमधल्या पुढच्या लहरीच्या वेळी उपग्रहचित्रात ढगांची पश्चिम कडा बघा. ती सुरीने कापल्यासारखी सरळ दिसली आणि भोवरा ढगांबाहेर उघडा पडला असेल, तर पाण्याचं तापमान नंतर पाहिलं तरी चालेल.