उणे तीसचं स्थळ

लग्न ठरवताना आमच्या लेकीनं घरात ठणकावून सांगितलं होतं, की जात कुणी विचारायची नाही. आम्ही विचारली नाही. (हिनं आडनाव तेवढं विचारलं आणि पुढचं मनातल्या मनात जुळवून घेतलं.) तीच लेक गेल्या मे महिन्यात एका सकाळी व्हिडिओ कॉलवर मला म्हणाली, "बाबा, जात कोणती घ्यायची ते तुम्हीच नीट बघून सांगा ना."

प्रश्न कुत्र्याच्या पिल्लाचा होता. लेक-जावई कॅनडात विनिपेगला असतात. सातव्या मजल्यावर घर, दोघंही नोकरीला, आणि हिवाळा असा की उणे 30 हा आकडा तिथली माणसं आपण 'आज जरा ऊन आहे' म्हणावं तशा सुरात सांगतात. रात्री गाडीचं इंजीन गोठू नये म्हणून गाडीला विजेचा प्लग लावून ठेवतात. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ही म्हणाली होती, "आपण इथं कूलरला प्लग लावून राहिलो, ते तिथं गाडीला. बिल काही सुटत नाही बाप्पा कुठंच."

माझी नेमणूक होण्याचं कारण म्हणजे मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेलो. निवृत्त माणसाकडे वेळ असतो अशी घरच्यांची पक्की समजूत असते. शिवाय लेक लहान असताना आमच्याकडे मोती होता. मोतीची निवड करायला मात्र आम्ही काहीच केलं नव्हतं. एका पावसाळ्यात तो नालीतून वर आला, दारात उभा राहिला आणि त्यानं आमची निवड केली. जात विचाराल तर 'पांढरा'.

घाई होती ती वेगळ्याच कारणानं. पिल्लू साधारण आठ आठवड्यांचं झालं की आईपासून वेगळं करतात. ते उन्हाळ्यात घरी आलं तर बाहेर जाऊन शू करायची सवय बर्फ पडायच्या आत लागते. डिसेंबरात आणलं तर रात्री दोन वाजता पिल्लाला कडेवर घेऊन सात मजले खाली उतरायचं आणि उणे 30 मध्ये त्याच्या मर्जीची वाट पाहत उभं राहायचं. जावईबापूंचा चेहरा हे ऐकताना जसा झाला, त्यावरून ही ड्युटी कुणाच्या नावावर लागणार होती ते मला कळलं.

मी जोमानं कामाला लागलो. एक्सेलमध्ये 14 रकाने पाडले. वजन, केस, भुंकणं, आयुष्य, लाळ, असं सगळं. बाहेर 45 अंश, कूलरच्या ताट्यांमधून वाळ्याचा वास येतोय, टाकीत पाणी भरलंय आणि मी बनियनवर बसून सायबेरियाचा अभ्यास करतोय. मन रमत होतं, खोटं कशाला सांगू. 'उणे 40' वाचलं तरी मानेवरचा घाम दोन मिनिटं थांबल्यासारखा वाटायचा. आणि उणे 40 ला सेल्सिअस आणि फॅरनहाइट दोन्ही आकडे एकच होतात, हे मी हिला स्वयंपाकघरात जाऊन सांगून आलो. पोळ्या लाटणाऱ्या बाईला मे महिन्यात ही माहिती द्यायची नसते.

संध्याकाळी साळे आले. ते येतात, बरोबर कूलरच्या तोंडासमोरची खुर्ची धरतात आणि बाकीच्यांची हवा अडवून बोलतात.

"भाऊजी, हस्की. दुसरं काही पाहूच नका."

"तुम्हाला थंडीतलं काय कळतं हो?"

"काहून? 2018 च्या 29 डिसेंबरले आपल्या नागपुरात पारा 3.5 वर नव्हता आला का? मी होतो ना इथं! सकाळी स्कूटर काढली होती!"

नागपूरकराचं हे असंच आहे. 2013 च्या 23 मेचे 47.9 आणि त्या डिसेंबरातले 3.5 हे दोन आकडे तो कमरेला लावून फिरतो. दोन्ही टोकं पाहिलेला माणूस, त्याला जगात कुणी काय शिकवावं?

हस्कीबद्दल वाचून मी मात्र खरंच भारावलो. 1925 च्या जानेवारीत अलास्कातल्या नोम गावात घटसर्पाची साथ आली, औषध हजारभर किलोमीटर लांब, आणि ते कुत्र्यांनी ओढायच्या घसरगाड्यांनी म्हणजे स्लेजनी टप्प्याटप्प्यानं पोचवलं. नाव झालं शेवटचा टप्पा मारणाऱ्या बाल्टो कुत्र्याचं. सगळ्यात लांबचा आणि कठीण टप्पा काढला होता टोगोनं. हे वाचून मला आमच्या खात्याची आठवण झाली. कालवा खोदणारा एक, फीत कापणारा दुसरा.

त्याहून मजा वाटली ती त्यांच्या पायांची. बर्फावर तासन्‌तास उभं राहून पंजे गोठत कसे नाहीत? तर खाली जाणारी गरम रक्ताची नळी आणि वर येणारी थंड रक्ताची नळी पायात अगदी खेटून असतात. जाता जाता गरम रक्त थंड रक्ताला ऊब देऊन टाकतं, म्हणून अंगातली उष्णता अंगातच राहते. 32 वर्षं मी पाण्याची ने-आण केली, पण इतकी नेटकी आखणी आमच्या एकाही प्रकल्पात नव्हती. अंगावर केसांचेही दोन थर. आत मऊ दाट लोकर, वरून राठ लांब केस. पाठीवर पडलेला बर्फ तसाच राहतो, वितळून कातडीपर्यंत पोचत नाही. झोपताना गोल वळून नाकावर शेपटी ओढून घेतात. म्हणजे पांघरूणही स्वतःचंच.

पण पुढची पानं वाचली. रोज भरपूर पळवावं लागतं. नाही पळवलं तर सोफा उकरतात, दार उघडं दिसलं की गावाबाहेर. भुंकण्यापेक्षा कोल्ह्यासारखं हूऽऽ करणं जास्त आवडतं. सातव्या मजल्यावर, दोघं ऑफिसात, आणि हे दिवसभर हूऽऽ. लाल पेनानं काट मारली.

मॅलम्यूट हा ओझी ओढणारा गडी, 38 किलोंचा. लेक स्वतः 52 ची. साखळी कुणी कुणाला घातली, हे बर्फावर कसं ओळखायचं? न्यूफाउंडलंडच्या बोटांमध्ये पडदे असतात, बुडणाऱ्याला पाण्यातून ओढून काढतो, स्वभाव गायीसारखा. वजन साठ-सत्तर किलो. "म्हणजे तुमच्याएवढा," ही म्हणाली, "आणि तोही दिवसभर पडूनच राहत असन." सेंट बर्नार्डच्या गळ्यातला ब्रँडीचा पिंप ही थाप निघाली. आल्प्समधल्या मठातल्या त्या कुत्र्यांनी बर्फात अडकलेली माणसं वाचवली हे खरं, एकट्या बॅरीनं चाळीसच्या वर वाचवली म्हणतात, पण पिंप चित्रकारानं लटकवला. साळ्यांना हे ऐकून मनापासून वाईट वाटलं. तिबेटी मॅस्टिफ दिवसा झोपतो आणि रात्रभर जागून भुंकतो. आमच्या कॉलनीच्या चौकीदाराच्या नेमका उलटा. आम्हाला हवा होता, त्यांच्या उपयोगाचा नव्हता.

बर्नीज माउंटन डॉगवर मी जवळजवळ शिक्का मारला होता. काळा, पांढरा, तांबूस असे तीन रंग, डोळ्यांत माया. हिला फोटो दाखवला. ही बराच वेळ पाहत राहिली. मग चष्मा काढून म्हणाली, "आयुष्य किती लिहिलं?" मी रकाना पाहिला. सात ते दहा वर्षं. "नको. मोती गेला तेव्हा पोरगी चार दिवस जेवली नव्हती." पुढं चर्चा नाही. तेरा रकाने त्या एका रकान्यासमोर पडले.

सॅमॉयेड आला तेव्हा मात्र हिचे डोळे चमकले. पांढराशुभ्र, ओठांची टोकं वर वळलेली, कायम हसरा. केस इतके गळतात की लोक त्यांचं सूत कातून विणकाम करतात.

"म्हणजे लोकर घरचीच?"

"हो, पण ती वर्षातून दोनदा पोत्यानं निघते. सोफ्यावर, वरणात, जावयाच्या कोटावर."

"जावयाच्या कोटाचं सोडा. रंग पांढराच येते का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सेमिनरी हिल्सवर फिरताना मी आमच्या ओळखीच्या जनावरांच्या डॉक्टरांना गाठलं. मोबाइलवर एक्सेल दाखवलं. त्यांनी चालता चालता दोनदा बोट फिरवलं आणि परत दिलं.

"साहेब, हे सगळं कुत्र्याचं झालं. माणसाचा रकाना कुठाय?"

मग त्यांनीच विचारायला सुरुवात केली. घरी दिवसा कोण असतं? रोज फिरवणार किती? आणि मुख्य म्हणजे, एवढ्या दाट केसांचं जनावर 22 अंशांच्या गरम केलेल्या फ्लॅटमध्ये चोवीसातले बावीस तास राहणार, त्याचं काय? पिल्लाला मोठ्या कुत्र्यासारखे केस यायला काही महिने जातात, तोवर हस्कीचं पिल्लूही कुडकुडतं. तिथं फुटपाथवर बर्फ वितळवायला मीठ टाकतात, ते पंज्यांना झोंबतं, म्हणून घरी आल्यावर पाय धुवावेत, नाहीतर बूट घालावेत. गाडीतलं अँटिफ्रीझ चवीला गोड असतं, कुत्रं चाटतं आणि मरतं. हे जातीवर नसतं, कुठल्याही कुत्र्याला लागू. "आणि थंडी वाजली तर स्वेटर घालता येतो," ते म्हणाले. "इथं मे महिन्यात हस्कीचा कोट काढता येत नाही, माझं रोजचं दुखणं ते आहे."

त्यांचं दुखणं मला माहीत होतं. आमच्याच गल्लीत वळणावरच्या बंगल्यात एक हस्की आहे. त्याच्या खोलीला चोवीस तास एसी. त्या घरातले आजोबा पोर्चमध्ये कूलरपुढे बसतात आणि संध्याकाळी कुत्र्याची चौकशी करायला एसीत जाऊन येतात. परवा त्यांची चौकशी दीड तास चालली.

मी घरी येऊन पंधरावा रकाना पाडला, वर लिहिलं 'माणूस'. तेवढ्यात फोन वाजला. लेकीच्या मांडीवर एक गव्हाळ रंगाचं, हडकुळं, एक कान उभा आणि एक कान पडलेला असं काहीतरी बसलं होतं.

"बाबा, आम्ही नुसतं पाहायला गेलो होतो. शेल्टरमध्ये."

नुसतं पाहायला म्हणूनच तीही एकदा जावईबापूंना भेटायला गेली होती.

"जात?"

"मिक्स म्हणाले. कशाकशाचा ते त्यांनाही माहीत नाही. चार महिन्यांचा आहे. मोतीसारखा नाही का दिसत?"

"आतला केसांचा थर?"

"नाही हो बाबा. पोटावर तर केसच नाहीत."

मी लॅपटॉप मिटला. माझ्या मागून ही पुढं वाकली, तिनं फोन माझ्या हातातून घेतला आणि म्हणाली, "माप पाठव."

माप दोन लागतात. गळ्यापासून शेपटीच्या बुडापर्यंत लांबी, आणि पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर. "वाढत्या अंगाचं विणते," ही म्हणाली. शाळेचा युनिफॉर्म आम्ही असाच घ्यायचो. लोकर आणायला आम्ही नवतपाच्या, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ भाजणाऱ्या दिवसांतल्या, दुसऱ्या दिवशी, सकाळी दहाला, इतवारीत गेलो. दुकानदार कॉटनचे दुपट्टे मांडून बसला होता. "लोकर? काकू, दिवाळीनंतर या ना." मग हिनं कारण सांगितलं, तेव्हा त्यानं पोराला माळ्यावर चढवलं. पोरगं धुळीनं माखून लाल लोकरीचे चार गुंडे घेऊन उतरलं.

नवतपात लोकर विणणं हा प्रकार ज्यानं पाहिला नाही त्याला सांगून उपयोग नाही. घामानं सुई सटकते, धागा बोटाला चिकटतो. ही बोटांना पावडर लावून विणायची. कूलर लावला की गुंडा घरंगळत पलंगाखाली जायचा, बंद केला की ही भडकायची. शेवटी गुंडा पातेल्यात ठेवला आणि पातेलं मी दोन्ही पायांत धरून बसलो. निवृत्त माणसाकडे वेळ असतो.

आता घालून पाहायचं कुणाला? खिडकीखाली कूलरमधून ठिबकणाऱ्या पाण्यात आमच्या गल्लीचा कालू दुपारभर पोट टेकून पडलेला असतो. घेर साधारण तोच. संध्याकाळी सातला ऊन उतरल्यावर (म्हणजे 41) साळ्यांनी त्याला ग्लुकोज बिस्किटं दाखवली आणि हिनं अलगद त्याचं डोकं गळ्यातून काढलं. पुढचे दोन पाय बाह्यांत गेले. कालू बिस्किट तोंडात तसंच धरून थांबला. त्यानं एकदा हिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. तीन वर्षांची ओळख होती आमची. मग तो जो सुटला तो थेट कोपऱ्यावरच्या नालीत जाऊन बसला. वाटेत दुधाच्या बूथवर उभ्या असलेल्या चारपाच जणांनी 41 अंशांत लाल स्वेटर घालून पळणारा कुत्रा पाहिला आणि तो कुणाच्या फाटकातून निघाला तेही पाहिलं.

स्वेटर दोनदा धुतला. गच्चीवर अकरा मिनिटांत वाळला. हिनं मागच्या पायांनाही बाह्या जोडल्या, कारण पोटावर केस नाहीत हे तिच्या मनातून जात नव्हतं.

कुरिअरच्या दुकानात काउंटरवरचं पोरगं चांगलं होतं. परदेशी पार्सल उघडून पाहावं लागतं म्हणाला. त्यानं स्वेटर झटकून समोर धरला, फिरवला, परत फिरवला.

"काका, याले चार बाह्या आहेत."

"हो."

"कोणासाठी आहे जी?"

बाहेर रस्त्यावर डांबर पातळ झालं होतं. मी भर दुपारी डोक्याला दुपट्टा गुंडाळून, लोकरीचा स्वेटर घेऊन आलो होतो, आणि मला एकदम सगळं पहिल्यापासून सांगायचा कंटाळा आला.

"नातवासाठी," मी म्हणालो.

त्यानं स्वेटर हळूच खाली ठेवला. टेबलफॅनचं तोंड माझ्याकडे वळवलं, आत हाक मारून पाणी मागवलं आणि स्टूल पुढं सरकवत म्हणाला, "बसा काका पाच मिनिटं. घरून कोणी आलं आहे का सोबत?"