'जेवलो, मजेत आहे'

शरीर आणि मन ठणठणीत असेल तरच विद्यार्थी समाधानी राहतो, हे विद्यार्थ्यांच्या आरोग्यावरच्या तुमच्या लेखातलं म्हणणं पटलं. पण 'रोज व्यायाम करा' हा त्यातला सल्ला पुण्याच्या सदाशिव पेठेत येऊन देऊन बघा! एमपीएससीच्या, म्हणजे राज्य लोकसेवा आयोगाच्या परीक्षेसाठी मी तिथे तीन वर्षं काढली. कॉट बेसिसवर खोली (भाडं फक्त एका कॉटचं), सकाळी सात ते रात्री अकरा अभ्यासिका, मेसच्या भाजीवर बोटभर तवंग. दुसऱ्या वर्षी अ‍ॅसिडिटी आणि पाठदुखी. आईच्या फोनवर उत्तर ठरलेलं: 'जेवलो, मजेत आहे.' प्रिलिम दोन मार्कांनी हुकली तेव्हा आठवडाभर अंघोळसुद्धा केली नाही. शेजारच्या कॉटवरच्या मित्राला तो आळस वाटला. खरं तर मलाही.

त्यानेच मग ओढत पर्वतीच्या टेकडीवर नेलं. पहिल्या दिवशी निम्म्या पायऱ्यांवरच बसलो. महिन्याभरात रात्री झोप लागायला लागली, चिडचिड कमी झाली. (परीक्षेतून सरकारी पोस्ट काही मिळाली नाही, तेही सांगून टाकतो.)

लेखात टेलिमानसचा १४४१६ हा नंबर द्यायला हवा होता. मानसिक आरोग्यासाठीची सरकारी हेल्पलाइन आहे, २०२२ पासून सुरू, चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलता येतं. परवा जुन्या अभ्यासिकेत डोकावलो. भिंतभर टॉपर्सचे फोटो, हा नंबर कुठेच नाही.